आमची वाटचाल : रुळांच्या सांध्यावर उभा राहिलेला कारखाना

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात रुळांच्या सांध्याला लागणारा माल तयार होतो : साध्या फिशप्लेट (दोन रुळांची टोके जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या), वेल्डवर बसणाऱ्या, मधे बाहेर वळवलेल्या जॉगल फिशप्लेट, त्या घाईच्या वेळी धरून ठेवणारे क्लॅम्प आणि बोल्टच्या भोकाची कड दाबणारे चॅम्फरिंगचे किट. रेल्वेच्या कामात असलेल्यांना हे माल ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांची याहून अधिक ओळख करून देत नाही. ज्या एका गोष्टीवर आम्ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धंदा सुरू केला आणि जिच्यामुळे तो एकदा बुडता बुडता वाचला, ती मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आजही माल घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिच्याकडे लक्ष देतात.

दोन रुळांची टोके बोल्टने एकत्र राहतात असा सर्वसाधारण समज आहे. बोल्टचे काम प्लेट आत ओढून धरण्यापुरते असते. चाकाचा भार एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जातो तो रेल हेडच्या (रुळाच्या डोक्याच्या) खालच्या आणि फूटच्या (पायाच्या) वरच्या उतारावरून, म्हणजे फिशिंग प्लेनवरून. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळात हा उतार १:२.७५ असतो. प्लेटच्या वरच्या आणि खालच्या कडा या उतारांवर पाचरीसारख्या घट्ट बसल्या, तर बोल्टवर फारसा ताण येत नाही. त्या कडा उतारावर न बसता वेबला (रुळाच्या मधल्या उभ्या भागाला) टेकल्या, तर बोल्ट कितीही आवळला तरी सांधा दबत राहतो, स्लीपरखालची खडी उडू लागते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे चिखल वर येतो. विल्यम ब्रिजेस ॲडम्स आणि रॉबर्ट रिचर्डसन यांनी १८४७ साली इंग्लंडमध्ये फिशप्लेटचे पेटंट घेतले. त्याआधी रुळांची टोके चेअरमध्ये (रूळ धरणाऱ्या बिडाच्या बैठकीत) नुसती शेजारी ठेवली जात आणि प्रत्येक चाकाखाली ती वेगवेगळी दबत. प्लेटने ही दोन टोके एकत्र वाकायला लावली, आणि पुढच्या काळातील बहुतेक सुधारणा ती अधिक चांगली एकत्र वाकावीत यासाठीच झाल्या.

ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, तर आमच्या भागीदारांनी शिकवली. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, आणि मीही अखेरपर्यंत मिस्त्रीच म्हणालो. त्यांची उमेदवारी कुर्डुवाडीच्या नॅरोगेजच्या कारखान्यात झाली होती. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली तेव्हा तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी २ फूट ६ इंच गेजवर यार्डाला ३० पौंडांचे रूळ घातले होते आणि ॲक्सलचा भार ५ टनांवर ठेवला होता. मिस्त्री म्हणत की एवढ्या हलक्या रुळावर सांध्याची हयगय लगेच दिसते, म्हणून तिथल्या माणसाचे हात सांध्याच्या बाबतीत आपोआप तयार होतात. आज ब्रॉडगेजवर मालगाडीचा ॲक्सलभार २२.९ टन आहे आणि रूळ दुपटीहून जड आहेत. हयगय तीच असली तरी ती दिसायला वेळ लागतो, आणि दिसते तेव्हा रुळाला तडा गेलेला असतो.

मिस्त्रींनी पहिल्या दिवसापासून एक पद्धत लावली. घडवलेली प्लेट ट्रिमिंग होऊन आली की नमुन्याच्या रुळाच्या तुकड्यावर निळा रंग चोळायचा, प्लेट बोल्टने आवळायची, पुन्हा काढायची आणि रंग कुठे उमटला ते पाहायचे. दोन्ही कडांवर सलग पट्टा उमटला तरच प्लेट पुढे जाते. मधे रंग तुटला तर डाय (घडवण्याचा साचा) उघडून पाहायचा, कारण एका प्लेटला असलेला दोष त्या डायमधून निघालेल्या सगळ्यांना असतो. फीलर गेज आम्ही वापरतोच, परंतु फीलर फट दाखवतो. दाब कुठे पडतो आहे ते निळा रंग दाखवतो. आजही आमच्याकडे हे काम यंत्राकडे दिलेले नाही.

चॅम्फरिंगच्या किटविषयीही लिहिले पाहिजे, कारण आमच्या सगळ्या मालात ती सर्वांत लहान आणि सर्वांत कमी कौतुक झालेली वस्तू आहे. सांध्याजवळ रुळाला तडा जातो तो बहुधा बोल्टच्या भोकातून, आणि उभ्या रेषेशी साधारण ४५ अंशांनी तिरका. वेबमधील कातर ताण त्याच दिशेने ओढत असतो आणि ड्रिलने पाडलेल्या भोकाची तीक्ष्ण कड त्याला सुरुवात करून देते. किटमध्ये उच्च ताणशक्तीचा बोल्ट आणि दोन्ही बाजूंनी भोकात बसणारे कठीण बिट असतात. बिट फिरवत बोल्ट आवळत नेला की कडेची तीक्ष्णता जाते आणि भोकाच्या भोवतालचे पोलाद दाबले जाऊन कठीण होते. काम काही मिनिटांचे आहे. बिटचे पोलाद आणि त्याला पाणी देणे (तापवून कठीण करणे) यावर आमची किती वर्षे गेली हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही : बिट मऊ राहिला तर दाबतच नाही, फार कडक झाला तर तिसऱ्या-चौथ्या भोकाला त्याचा टवका उडतो. ज्या सायडिंगवर (कारखान्यांकडे जाणाऱ्या फाट्याच्या लाइनवर) आजही गॅसने भोके पाडतात, त्यांच्या व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे की ते आजच बंद करावे. गॅसने कापलेल्या भोकाची कड ठिसूळ होते आणि तिच्यावर कोणतेही किट चालत नाही.

आमचा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला तो वाडी–शहाबाद पट्ट्यातील एका सिमेंट कारखान्याच्या सायडिंगने. तिथली लाइन सांभाळणारे गृहस्थ रेल्वेतून पीडब्ल्यूआय (रेल्वेमार्गाचे निरीक्षक) म्हणून निवृत्त झालेले होते आणि आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. त्यांची अडचण अशी होती की सायडिंगवर मुख्य लाइनवरून निघालेले जुने ५२ किलोचे आणि काही ठिकाणी त्याहून जुने ९० पौंडी रूळ होते. अशा रुळांचे फिशिंग प्लेन झिजलेले असतात. नवी, ड्रॉइंगनुसार अचूक प्लेट त्यांच्यावर लावली की ती अधिक आत सरकते आणि वेबला टेकते. रेल्वेत यासाठी टेपर शिम (पाचरीसारखे पातळ पत्रे) घालतात किंवा जुन्या प्लेट गरम करून पुन्हा दाबून वाढवतात. साहेबांकडे शिम होते, पण लोडिंगच्या धक्क्यांनी ते सांध्यातून बाहेर सरकत. त्यांनी विचारले, झिजेनुसार प्लेटच जाड करून देता येईल का?

मिस्त्री आणि मी तिथे जाऊन सांध्यांची मापे घेतली. झीज प्रत्येक सांध्याची वेगळी असली तरी ती तीन टप्प्यांत बसवता येते असे दिसले, आणि त्या टप्प्यांनुसार आम्ही वाढीव उंचीच्या प्लेटची मालिका केली. प्रत्येक टप्प्याच्या प्लेटला टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा दिला, म्हणजे मुकादमाला गेज लावले की कोणता रंग घ्यायचा ते कळे. आजवर आम्ही जे काही केले, त्यात मला याचा सर्वांत अधिक अभिमान आहे. साहेबांनी त्यानंतर दुसऱ्या कोणाकडून प्लेट घेतली नाही.

पुढची बरीच वर्षे ठीक गेली.

२००८ च्या सुरुवातीपासून पोलादाचे भाव चढू लागले. त्या वेळी आमच्याकडे सायडिंगची कामे करणाऱ्या एका ठेकेदाराची मोठी ऑर्डर होती आणि दर ठरलेला होता. भाववाढीचे कलम करारात नव्हते, कारण त्या धंद्यात तोवर कोणीच ते घालत नसे. शब्द दिला होता म्हणून आम्ही चढ्या भावाने बिलेट (पोलादाचे कच्चे ठोकळे) घेतले, घरातले काही गहाण ठेवले आणि माल घडवला. तोवर वर्षाच्या उत्तरार्धात भाव कोसळले. ठेकेदाराने उरलेला माल उचलण्यास नकार दिला आणि दुसरीकडून स्वस्तात घेण्यास सुरुवात केली. ज्या बँकेवर आमची भिस्त होती तिने त्याच महिन्यांत आमची मर्यादा कमी केली. गोदामात माल पडून होता, बाजारात त्याची किंमत दररोज उतरत होती, आणि पगाराची तारीख तर थांबत नाही.

ठेकेदार ज्याच्याकडे गेला, त्या प्रतिस्पर्ध्याचे नाव मी इथे घेणार नाही, परंतु जे घडले ते लिहिणारच. त्यांच्याकडे घडवण्याचा हॅमर नव्हता. ते बाजारातील चपट्या पट्ट्या कापून, थंडच दाबून जॉगल करीत आणि त्यावर काळा रंग मारून देत. त्यांच्या पत्रकात मात्र झिजेच्या तीन टप्प्यांची मालिका छापलेली होती. टप्पे आमचेच होते आणि रंगांचे पट्टेसुद्धा आमचेच होते. आमच्या एका जुन्या ऑर्डरच्या कागदावरून त्यांनी ती उचलली, हे मला नंतर कळले. दर आमच्या कच्च्या मालाच्या खर्चापेक्षाही कमी होता. त्या सायडिंगवर माल घेताना कोणी तपासणी केली नाही, म्हणून हे खपले. जे सूत्र शोधण्यासाठी मिस्त्रींनी उन्हात रुळाशेजारी बसून गेज धरले होते, ते दुसऱ्याच्या पत्रकात पाहणे सोपे नव्हते, आणि आजही ते सोपे नाही.

त्या हिवाळ्यात कारखाना वाचला तो दोन माणसांमुळे. मिस्त्रींनी आपला हिस्सा काढून घेतला असता तर कोणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी उलट काही महिने घरी काही नेले नाही. आणि साहेबांनी आपल्या व्यवस्थापनाला पटवून आमचा पडलेला माल ठरलेल्या दराने घेतला व निम्मी रक्कम आगाऊ दिली. त्यांनी दिलेले कारण दयेचे नव्हते. पलीकडच्या एका लाइनवर त्या प्रतिस्पर्ध्याच्या प्लेट लागल्या होत्या आणि चावीवाल्याला (लाइन रोज तपासणाऱ्या माणसाला) तिथले बोल्ट वारंवार आवळावे लागत होते. पुढच्या पावसाळ्यानंतर साहेबांनी आमची आणि प्रतिस्पर्ध्याची अशा दोन्ही प्लेट उघडवल्या आणि मला बोलावून घेतले. प्रतिस्पर्ध्याच्या प्लेटच्या कडेवर घासल्याची बारीक, दोऱ्याएवढी चकचकीत रेघ होती, म्हणजे सगळा भार त्या रेघेवर चालला होता, आणि वेबवर प्लेट टेकल्याचा डाग होता. आमच्या प्लेटच्या दोन्ही कडांवर सलग रुंद पट्टा होता, आणि वेबवरचा जुना गंज न खरवडता तसाच होता. साहेबांनी त्या दोन्ही प्लेट आपल्या कार्यालयात ठेवून घेतल्या आणि नवा पुरवठादार आला की त्या दाखवत. प्रतिस्पर्धी आजही धंद्यात आहे, पत्रकातील मालिका आजही तीच आहे, आणि ती कोणाची आहे याचा उल्लेख त्यांनी कधी केलेला नाही.

या अनुभवातून नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगावेसे वाटते की पोलादाशी संबंधित कोणत्याही ऑर्डरमध्ये भाववाढीचे आणि भावउताराचे असे दोन्ही कलम घातल्याशिवाय सही करू नये; आणि आपले मोजमापाचे कागद मालाबरोबर पाठवू नयेत. सायडिंग सांभाळणाऱ्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात प्रत्येक सांधा एकदा उघडावा, फिशिंग प्लेन तारेच्या ब्रशने साफ करावेत आणि ग्राफाइट, रॉकेल व काळे तेल यांचे मिश्रण लावूनच प्लेट परत चढवावी. १३ मीटरचा रूळ ५० अंशांच्या फरकाने सुमारे साडेसात मिलिमीटर लांबतो. गंजून जखडलेला सांधा त्याला हलू देत नाही, मग उन्हाळ्यात लाइन वाकते आणि त्याचा ठपका खडीवर ठेवला जातो.

सध्याच्या कामाविषयी थोडे लिहितो. मुख्य लाइनवर आता लांब वेल्डेड रूळ आहेत, भिलाईहून २६० मीटरची पॅनेल येतात आणि जुन्या अर्थाचा फिशप्लेटचा सांधा पॉइंट-क्रॉसिंगपुरता (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते त्या जागेपुरता) आणि सायडिंगपुरता उरत चालला आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांचे काम संपेल असे अनेकांनी सांगितले होते. परंतु जिथे वेल्ड आहे तिथे तो तुटण्याची शक्यताही आहे. ६० किलोच्या रुळात तापमान एक अंशाने बदलले की सुमारे १.९ टन बळ निर्माण होते. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवला, त्याहून पहाटेचा पारा २० अंशांनी खाली गेला तर रुळात ३८ टनांची ओढ असते, आणि वेल्डमध्ये दडलेला दोष तेव्हाच उघडतो. अशा पहाटे गस्तीच्या माणसाला अंधारात, हातमोजे घालून, जी जॉगल प्लेट आणि क्लॅम्प लावायचे असतात, ते पहिल्याच प्रयत्नात जागी बसले पाहिजेत. क्लॅम्पचा स्क्रू कोरडा पडला असेल किंवा जबडा तिरका बसत असेल, तर त्या माणसाला तिथे दुसरा उपाय नसतो. म्हणून आम्ही प्रत्येक क्लॅम्प ग्रीस लावून, पूर्ण उघडून, पूर्ण बंद करून आणि रुळाच्या तुकड्यावर आवळून पाहिल्याखेरीज पाठवत नाही. ज्यांच्याकडे असे क्लॅम्प वर्षानुवर्षे गेट लॉजमध्ये (फाटकावरच्या खोलीत) पडून आहेत, त्यांनी ते थंडी सुरू होण्यापूर्वी एकदा काढून फिरवून पाहावेत.

७५ मिलिमीटर रुंद फटीच्या वेल्डची कॉलर (वेल्डभोवतीचा फुगीर पट्टा) नेहमीच्या २५ मिलिमीटरच्या वेल्डपेक्षा लांब असते, म्हणून तिच्यावर बसणाऱ्या प्लेटचा जॉगलही लांब करावा लागतो आणि मधला भाग जास्त लवचीक होण्याचा धोका राहतो. मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेली दोन मुले या लांब जॉगलच्या डायवर काम करीत आहेत. पहिल्या नमुन्यावर वरच्या कडेचा निळा पट्टा जॉगलच्या वळणाजवळ तुटला होता. तो डाय उघडून दुरुस्तीला घेतला आहे.