जन्म सांगलीचा, शाळा बडोद्याची आणि बीपीटीची अ‍ॅडमिशन

मी बडोद्यात फिजिओथेरपीच्या पदवीच्या, म्हणजे बीपीटीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी विचारते, "ताई, बीपीटीला कुठलं कॉलेज घेऊ?" मी आधी तिला विचारते, "तुझा जन्म कुठला?" कॉलेजचं नंतर बघू.

बडोद्याच्या मराठी घरांत पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत अजून आहे, आणि माहेर बऱ्याचदा महाराष्ट्रात असतं. माझ्या आईचं सांगलीला. त्यामुळे माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ सांगली. बारावीपर्यंत त्या ओळीमुळे काही अडलं नाही. पण गुजरातच्या प्रवेश समितीला जन्म गुजरातमधला लागतो, नाहीतर डोमिसाइल, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला. मामा म्हणाला, "मग इकडेच ये की!" तिकडे राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते आणि वर 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मी 'नीट' दिली नव्हती, कारण आमच्या वर्षी गुजरातमध्ये बीपीटीला बारावी सायन्स बी ग्रुपच्या (बायॉलॉजीवाल्या) गुणांवर प्रवेश होता. म्हणजे जन्माच्या जागी शाळा नाही म्हणून तिथे बाहेरची, आणि शाळेच्या जागी जन्म नाही म्हणून इथेही बाहेरची.

कोर्स निवडायला मला फार वेळ लागला नाही. घरी कुणाचा पाय मुरगळला की दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात, जुम्मादादा व्यायाम मंदिरात उपचाराला जायचं, हे लहानपणापासून पाहिलेलं. आत्याचं म्हणणं, "तिथे जे हातानं करतात त्याला साडेचार वर्षं कशाला घालवायची?" मला उलट ते हात का चालतात, कुठे चालवू नयेत, हेच शिकायचं होतं. पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमी झाल्यावर हे आत्यालाही पटवून देता आलं.

कॉलेज निवडताना मात्र स्वतः जाऊन बघितलं आणि ते फार बरं केलं. एका खासगी कॉलेजात चकचकीत ट्रेडमिल, काचेची केबिन, सगळं होतं, पण सकाळी अकरा वाजता ओपीडीत पेशंट दोन-तीनच. तिथून एसएसजीला गेले, म्हणजे आपल्या सयाजी हॉस्पिटलला. बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. आत पॅरलल बारमध्ये एक काका डावा पाय ओढत चालत होते. बाजूच्या खाटेवर एक सीनियर मुलगी एका बाईंच्या गुडघ्याला गोनिओमीटर लावून कोन मोजत होती, आणि प्रत्येक वेळी आकडा त्या बाईंना मोठ्यानं सांगत होती. मला तिथेच शिकायचं होतं. एसएसजीच्या आवारातलं फिजिओथेरपी कॉलेज सरकारी आहे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाशी संलग्न, आणि सरकारी फी व खासगी फी यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, हे बाबांना वेगळं सांगावं लागलं नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा तिथल्या मुलांना विचारा: कितव्या वर्षापासून पेशंटला हात लावू देतात? आयसीयूत छातीच्या फिजिओसाठी पोस्टिंग असते का? सेरेब्रल पाल्सीची मुलं येतात का? माहितीपत्रकात हे सापडत नाही.

आता ते डोमिसाइल.

नोंदणी करून पडताळणीला गेले, तेव्हा खिडकीतल्या बेननी दाखला पाहिला आणि अख्खी फाईल परत सरकवली. "जन्म गुजरात बहार छे, डोमिसाइल लावो." तारीख जवळ आलेली. आम्ही तिथूनच डोमिसाइल काढायच्या कचेरीत गेलो. तिथल्या पहिल्या टेबलावर सांगितलं, हायस्कूलचा दाखला पुरे. दुसऱ्या टेबलावर, सलग दहा वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे, हायस्कूलची पाचच होतात, पहिली ते सातवीचं आणा. घरी ते कुठून असणार? आठवीत जाताना प्राथमिक शाळेचा मूळ दाखला हायस्कूलमध्ये जमा होतो. हायस्कूलला सुट्टी लागलेली. क्लार्ककाकांना फोन करकरून बोलावलं, त्यांनी बिचाऱ्यांनी शिक्का मारून नक्कल दिली. कचेरीत म्हणाले नक्कल नको, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा.

माझी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची. पट घटत गेला आणि ती दुसऱ्या शाळेत मिसळली. रजिस्टरं कुठे आहेत हे सांगायला कुणी नाही. शेवटी आमच्याच जुन्या बाईंनी रस्ता दाखवला. त्या आता निवृत्त आहेत, तरी उन्हातून स्वतः आल्या. नव्या शाळेच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्यात लाल कापडी बांधणीची रजिस्टरं. बाईंनी पदराने धूळ पुसत एकेक उघडलं. माझं नाव सापडलं, जी.आर. नंबर, दाखल तारीख, समोर जन्मस्थळ सांगली. मला तिथे रडू आलं, ते सुटल्याचं होतं.

पण सुटले नव्हते. रेशनकार्डावर बाबांच्या नावाला 'भाई' आणि आईच्या नावाला 'बेन' जोडलेलं, शाळेच्या रजिस्टरात नुसती नावं. टेबलावरचे भाई म्हणाले, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. गुजरातमध्ये अर्ध्या कागदांवर भाई-बेन असतं आणि अर्ध्यांवर नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करायला लावला. मग पोलीस चौकशी, शेजारच्या दोघांचे जबाब, मग साहेब मीटिंगमध्ये, मग साहेब रजेवर.

याचा राग मला आजही येतो. माझे पणजोबा सयाजीरावांच्या काळात बडोद्याला नोकरीला आले. गुजरात राज्य १९६० साली झालं, आमचं बिऱ्हाड त्याच्या कितीतरी आधीपासून याच गल्लीत आहे. नियम असावा, माझी हरकत नाही. पण काय काय लागतं हे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला कुणाचं काय जात होतं? प्रत्येक टेबलावर एकच कागद कळायचा, पुढचा कागद पुढच्या टेबलावर.

डोमिसाइलचा दाखला हातात आला तेव्हा पडताळणीची मुदत संपत आली होती. त्याच दुपारी रिक्षा करून गेले, फाईल मंजूर झाली. पुढचं सगळं, मेरिट लिस्ट, चॉईस फिलिंग, फी, सरळ पार पडलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं.

म्हणून सांगते, ज्यांचा जन्म बाहेरचा आहे त्यांनी अकरावीतच डोमिसाइलला लागा. प्राथमिक शाळा सोडताना मूळ दाखल्याची झेरॉक्स काढून त्यावर शाळेचा शिक्का घेऊन ठेवा. लहान भावंडं असतील तर त्यांचं आजच करा. वेराबिल (घरपट्टीचं बिल) आणि लाईटबिल जुनी म्हणून रद्दीत टाकू नका.

चॉईस भरताना क्रम आपल्या मनाचा ठेवा. "मिळेल ते वर" असा सल्ला देणारे खूप भेटतात. मेरिटमध्ये खाली असलात तरी हवं ते वर ठेवल्यानं खालची चॉईस जात नाही.

क्रिकेटमुळे मोतीबाग मैदानाकडे बघत 'स्पोर्ट्स फिजिओ व्हायचंय' म्हणणारे बडोद्यात खूप आहेत. ते स्पेशलायझेशन एमपीटीला, म्हणजे पुढच्या मास्टर्सला येतं. बीपीटीला सगळ्यांना सगळं शिकावं लागतं, लकव्याचे पेशंटही आणि बाळंतिणीही. ते नको असेल तर आधीच विचार करा.

आणि आमच्या वर्षीचे नियम धरून बसू नका. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीही राष्ट्रीय आयोगाखाली आली आहे, आणि आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कोर्स पाच वर्षांचा आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. आमचा साडेचारचा होता, इंटर्नशिप सहा महिने. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, प्रवेश परीक्षेचं पान तर दोनदा वाचा.

डोमिसाइल मिळाल्यावर लॅमिनेट करू नका. पडताळणीत मूळ कागद हातात घेऊन शिक्का बघतात. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि पाच-सहा झेरॉक्स लगेच काढून घ्या.