पेन्शन असताना फौजी बेघर कसा?

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या वर्गणीचा डबा घेऊन म्हापशाच्या बाजारात उभा राहिलो की कोणीतरी विचारतंच, "फौजींना पेन्शन, कँटीन, सगळं असतं. मग घरावाचून कोण राहतं?" उत्तर द्यायला जरा लांबून, लंडनहून सुरुवात करतो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पेन्शन मिळाली ती मुख्यतः जायबंदी झालेल्यांना आणि विधवांना. हातीपायी धड परतला, त्याला रामराम. पुढे मंदी आली, १९३२ च्या सुमारास तिथे तीस लाखांच्या घरात माणसं बेकार होती आणि थेम्सच्या काठच्या एम्बँकमेंटवर माजी सैनिक रात्री काढत होते. ते बघवेना म्हणून हगिन्स नावाच्या बाईंनी त्याच वर्षी संस्था काढली. नावही त्या काठाचंच, 'एम्बँकमेंट फेलोशिप सेंटर'. आज ती 'व्हेटरन्स एड' म्हणून चालते. पूर्व लंडनमध्ये तिचं वसतिगृह आहे. मला पटतं ते हे, की नुसती खाट देऊन ते थांबत नाहीत. कर्ज, दारू, कागदपत्रं, नोकरी, सगळ्यात हात घालतात आणि माणसाला स्वतःच्या बिऱ्हाडापर्यंत पोचवतात.

आता आपल्याकडे या. जवानाला पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षं नोकरी लागते. घरच्या अडचणीपायी त्याआधी सुटून आला, तर पेन्शन नाही. आणि पूर्ण करून आला तरी चाळिशीच्या आत-बाहेर बाहेर पडतो. तोवर बराक सरकारची, जेवण लंगरचं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातलं.

घर? एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांपासून मुंबईच्या आत्यापर्यंत सगळ्यांची नावं, वाटणीचा दावा कोर्टात, आणि याच्या वाट्याच्या खोलीला भावाचं कुलूप. पेडण्याकडे एकाला भेटलो होतो. नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक चुलतभावाच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, वर ताडपत्री. बेघर म्हटलं असतं तर भडकला असता. "इथंच असतो," एवढंच म्हणाला. आपल्याकडचा बेघर फौजी बाकावर दिसत नाही तो असा. त्याची मोजदाद कोण करणार!

ध्वजदिनाच्या निधीतून बिनपेन्शनच्या, पासष्टी ओलांडलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या गरजू माजी सैनिकांना दरमहा मदत मिळते. पण अर्ज करावा लागतो, आणि हे लोक मागायला लाजतात. तुमच्या वाड्यावर, वस्तीत असा कोणी असेल तर डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक) घेऊन त्याला पणजीच्या सैनिक कल्याण ऑफिसात घेऊन जा. एकट्याला पाठवू नका, तो अर्ध्या वाटेवरून परततो. बुक हरवलं असेल तर त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर ते बेळगावातच आहे.