त्या विहिरीचं पाणी

नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल बघायला निघालो होतो. तो बघितला, गर्दी फार होती. सांगण्यासारखं जे घडलं ते दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मित्राच्या गावी. लातूर-तुळजापूर रस्त्यावरून आत वळावं लागतं. गावाचं नाव लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय.

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. भाषणात रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, जुलूम आला, १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शनमध्ये सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेनं नळदुर्ग घेतल्याचं आलं, निजामाची शरणागती आली. सगळं खरंच. माझं आजोळही त्या वर्षी रातोरात सोलापूरकडं पळालं होतं. पण फौज आल्यानंतर काय झालं, हे मी घरात कधीच विचारलं नाही. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं तेव्हाच लिहून ठेवलं होतं: हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. उस्मानाबाद, आताचं धाराशिव, आपलाच जिल्हा, आणि मला ते चाळिशीत कळलं. याची लाज वाटते.

झेंडावंदनानंतर मित्राची आजी म्हणाली, "चल, हिरीवर जायचंय." मशिदीपाशी तिच्याच वयाचे चाचा काठी टेकत उभे होते. सोयाबीनच्या बांधावरून दोघं पुढं, आम्ही मागं.

विहिरीच्या काठावर बसल्यावर आधी चाचा बोलले. "अक्काच्या वडलाला रजाकारानं वेशीत मारलं. दोन दिस कुनी उचलायला गेलं न्हाई."

मग आजी. "अन् ह्याच्या बापाला पोलीस ॲक्शननंतर ह्या हिरीत टाकलं. त्यो कवा रजाकारात गेला नव्हता. कपडे शिवायचा. माझ्या बापाच्या अंगावरचा सदरा त्यानंच शिवलेला." थोडं थांबून म्हणाली, "टाकनाऱ्यात माझा चुलता व्हता."

चाचांनी मान वर केली नाही. हे त्यांनी कितीदा ऐकलं असेल.

मी विचारलं, "तुम्ही एकमेकांचंच का सांगता?"

"आपलं सांगाया लागलं की राग येतो, लेकरा," आजी म्हणाली. "दुसऱ्याचं नीट सांगावं लागतं."

विहीर पुढं चोवीस वर्षं काटेरी बाभळी टाकून बुजवल्यागत होती. बहात्तरच्या दुष्काळात गावात थेंब उरला नाही, तेव्हा ती उघडायचं ठरलं. आजी म्हणाली, आधी त्या घरी विचारायचं. एकटीच गेली. चाचांच्या आई तेव्हा हयात होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, गाळात जे सापडेल ते आम्हाला द्या. दोन्ही घरच्या माणसांनी मिळून गाळ काढला. सापडलं ते आजीनं स्वतःच्या लुगड्यात बांधून दिलं, आणि कब्रस्तानात दफन झालं. पाणी लागलं तेव्हा पहिला तांब्या त्या माउलीच्या हातात दिला. तिनं तो ओठाला लावेपर्यंत कुणी प्यालं नाही.

आजीचा चुलता त्या दिवशी घरातून बाहेर आला नव्हता.

मित्रानं पोहरा सोडून पाणी शेंदलं. आजीनं चाचांना दिलं. त्यांनी बिस्मिल्ला म्हणत दोन घोट घेतले आणि तांब्या माझ्यापुढं धरला. पाणी जरासं मचूळ होतं. मी तांब्या रिकामा केला.