संध्याकाळी गोड, सकाळी कडू : आमची वाटचाल

मोर्शीकडचं लग्न होतं, फेब्रुवारीतलं. नवरीचे वडील ओळखीचे. म्हणाले, पाहुण्यांना बाटलीतलं रंगीत पाणी नको, आपल्या मातीतल्या संत्र्याचा रस द्या. आदल्या संध्याकाळी आम्ही घरच्या सगळ्यांनी बसून मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या बहाराची, फळं पिळली, गाळली, सात कॅन भरले. चाखून पाहिला तर नुसता मध. रात्रभर बर्फात ठेवला. सकाळी साडेआठला पहिला ग्लास नवरदेवाच्या मामांच्या हातात गेला. एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं, की मला वाटलं ठसका लागला.

"काय दिलं बाप्पा हे? कडू जहर हाये!"

सातही कॅन तसेच. कडुनिंबाचा पाला वाटून घातल्यासारखे. वरातीची माणसं दारात, आणि मी स्वयंपाकघरामागं उभा राहून एकेका कॅनचं झाकण उघडून नाक खुपसतोय. रस ओतला नालीत, पैसे तर सोडाच. ही आमच्या धंद्याची पहिली मोठी ऑर्डर, 2012 सालची.

वरुड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा कोणाला सांगायला नको. आमचा बगीचा चार एकर, जंभेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली झाडं, वडिलांनी लावलेली. व्यापारी यायचा, वजनदार चमकदार माल उचलायचा आणि चुरी आमच्या पदरात टाकून जायचा. चुरी म्हणजे बारकी, डागी, मंडीत कोणी न विचारणारी फळं. चव मात्र तीच. वडील म्हणायचे, चुरी ढोरांना टाका. ढोरं साल खात नाहीत, तेलाचा झणका लागतो. मग एक हाताचा प्रेस आणला, अंगणात पत्र्याचं शेड टाकलं आणि झाला कारखाना.

लग्नाच्या फजितीनंतर प्रत्येकानं आपापलं निदान केलं. बायको म्हणाली, कॅनमध्ये साबण राहिला. शेजारी म्हणाले, युरिया जास्त झाला. मला बर्फावर संशय. उत्तर आणलं भाच्यानं. तो तेव्हा फूड टेक्नॉलॉजी शिकत होता आणि सुट्टीत आला होता.

"मामा, कॅन धुवायचं सोडा. ही संत्र्याचीच खोड आहे."

त्यानं सांगितलं ते असं. फळ अखंड असतं तोवर पाकळीच्या पडद्यात, सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत एक द्रव्य बिनचवीचं पडून असतं. पिळताना ते रसात उतरतं. रस आंबट, आणि फळातलंच एक एन्झाइम मदतीला. काही तासांत त्या द्रव्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन म्हणजे अस्सल कडू. दहा लाख भागांत सहाएक भाग असलं तरी जिभेला कळतं. रस तापवला तर हेच काम घाईनं होतं. म्हणजे टिकावा म्हणून पाश्चराइज करायला जावं, तर कडू आधी हजर. चौकातला ज्यूसवाला पिळतो आणि तिथंच पाजतो, म्हणून त्याच्या गिऱ्हाइकाला हे आयुष्यात कळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या नेव्हल संत्र्यालाही हाच रोग. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत व्हिन्सेंट मायर, शिन हासेगावा अशा लोकांनी यावर वर्षानुवर्षं डोकं घातलं. 1989 साली हासेगावांच्या गटानं दाखवून दिलं, की फळ पिकत जातं तसं झाड स्वतःच या कडू द्रव्याला साखरेच्या रेणूशी बांधून टाकतं, आणि बांधलेलं द्रव्य कडू लागत नाही. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. लग्नासाठी आम्ही जी फळं तोडली होती ती घाईची, देठाशी हिरवट होती.

भाच्यानं लॅपटॉपवर पेटंटं काढून दाखवली. तोवर माझ्या मनात पेटंट म्हणजे मोठ्या कंपनीचं कुलूप. हळदीचं पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं घेतलं आणि मग 1997 साली ते रद्द झालं, एवढं पेपरात वाचलेलं. भाचा म्हणाला, कुलूप वीस वर्षांचं. पण कुलूप लावताना आतलं सगळं सामान कागदावर लिहून द्यावं लागतं, ते कोणीही वाचू शकतो. वीस वर्षं सरली की सामान सगळ्यांचं. शिवाय ज्या देशात नोंदवलं त्या देशापुरताच हक्क. अमेरिकेत घेतलं आणि भारतात अर्जच केला नाही, तर इथं अडवायला कोणी नाही. (आजही आम्ही काही करायच्या आधी भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधून पाहतो. जुन्या युक्तीत कोणी नवी सुधारणा करून इथं हक्क घेतलेला असू शकतो.)

पहिलं वाचलं ते 1948 सालचं. फ्लोरिडातले मॅकडॉवेल, मूर आणि ॲटकिन्स हे तिघे. पेटंट क्रमांक 2453109. रस आटवला की पाणी जातं आणि पाण्याबरोबर वासही जातो, उरतो तो पाक. या तिघांनी काय केलं, तर निर्वात भांड्यात कमी तापमानावर रस हवा त्यापेक्षा जास्त घट्ट केला आणि शेवटी त्यात ताजा रस घालून मापावर आणला. वास परत. युक्ती एवढीच! त्यावर फ्लोरिडाचा गोठवलेल्या रसाचा सगळा धंदा उभा राहिला, आणि पेटंट त्यांनी अमेरिकन सरकारच्या नावे करून दिलं होतं, म्हणजे लोकांना मोकळं.

आमच्याकडे निर्वात भांडं कुठलं? पण संत्रा बर्फी होती. बर्फीचा गर आम्ही लोखंडी कढईत आटवायचो, आणि तयार बर्फीला गुळाच्या चिक्कीसारखा वास यायचा. त्या कागदावरून शिकलो आणि गराचे तीन भाग केले. दोन भाग स्टीलच्या कढईत मंद आचेवर, उलथनं उभं राहील इतके घट्ट. साखर, खवा टाकून गोळा कडा सोडायला लागला की आच बंद. मग राहिलेला तिसरा भाग, आधीच थोडा आटवून घट्टसर केलेला, हळूहळू घोटत मिसळायचा. पहिल्या दिवशी शेडमध्ये जो दरवळ सुटला तो शेजारच्या घरापर्यंत गेला. एक दोष राहिला, तो सांगितलाच पाहिजे. शेवटच्या गरानं ओलावा वाढतो, बर्फी पूर्वीइतकी टिकत नाही. दुकानदार कुरकुरतात. आम्ही थोडी थोडी करतो आणि लवकर विकतो.

कडूपणाचा प्रश्न मात्र तसाच होता. जुन्या कागदांत दोन वाटा होत्या. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत चँडलर आणि जॉन्सन यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या मण्यांवर कडू द्रव्य चिकटवून घेतलं होतं. पुढे कॅलिफोर्नियातल्या कारखान्यांनी रेझिनचे मणी भरलेले उभे खांब वापरले. रस वरून सोडायचा, मणी कडू धरून ठेवतात, नंतर पातळ कॉस्टिक सोड्यानं मणी धुऊन पुन्हा वापरायचे. डोकं लावलेलं काम आहे यात वाद नाही. पण खाद्य दर्जाच्या मण्यांचा आणि टाकीचा भाव काढला तर आमच्या दोन हंगामांची कमाई त्यात जात होती, आणि कॉस्टिकचं पाणी सोडायचं कुठं? विहिरीच्या शेजारी?

तेव्हा कडू काढत बसण्यापेक्षा ते उतरूच द्यायचं नाही असं ठरवलं. फळ पूर्ण पिकल्याशिवाय तोडायचं नाही. पिळताना बी फुटता कामा नये, पडदा फाटता कामा नये. आणि गाळ रसात पडून राहू द्यायचा नाही, पिळला की लगेच बारीक जाळीतून बाहेर. तिसरी गोष्ट सोपी, पहिली धीराची. दुसरीसाठी यंत्र लागतं, आणि बाजारातलं मिळेल ते यंत्र फळाचा चेंदा करतं.

गावातल्या वेल्डिंगवाल्यानं आणि मी मिळून एक जोडरूळ केला. दोन रूळ, वर खाण्यापिण्याच्या कामाचं नरम रबर, मधली फट सायकलच्या ब्रेकच्या स्प्रिंगवर. फळ अर्धं कापून टाकलं की रूळ त्याला दाबतो, पण बी आली की फट तेवढ्यापुरती उघडते. तीन वेळा मोडला. चौथ्या वेळी काकूंनी चोथ्यातून एक मूठ बिया उचलल्या, उन्हात धरल्या आणि म्हणाल्या, "एकबी फुटली नाही रे बाबू." सख्ख्या काकूंचं ते एक वाक्य मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं.

मग मी माती खाल्ली. अमरावतीला एका कृषी प्रदर्शनात यंत्र मांडलं. लोकांनी गर्दी केली, मी फुशारकीनं फट कशी उघडते ते खोलून दाखवलं. भाच्याच्या मित्रानं व्हिडिओ काढून टाकला, तो हजारोंनी पाहिला. पुढच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वर्कशॉपनं तोच रूळ रंगरंगोटी करून विकायला काढला, आमच्यापेक्षा स्वस्त. धावत नागपूरला पेटंट एजंटाकडे गेलो. बाईंनी कागद पाहिले, व्हिडिओची तारीख पाहिली.

"दादा, आधी अर्ज करायचा, मग मिरवायचं. जगासमोर आलेली वस्तू कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही."

केंद्र सरकारनं त्यासाठी खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं आणि बारा महिन्यांत अर्ज केला, तर सूट आहे. आमचं प्रदर्शन त्यातलं नव्हतं. व्हिडिओला तर कसलीच सूट नाही. वर्कशॉपवाल्यावर राग होताच, आजही आहे, पण त्यानं चोरलं असं म्हणायला माझ्या हातात काही नव्हतं. मीच वाटून टाकलेलं.

त्याच बैठकीत मी बर्फीचंही विचारलं. बाई हसल्या. नुसतं मिश्रण पेटंटात बसत नाही, पारंपरिक ज्ञान तर नाहीच. सोबत माझा मित्र होता, बहार धरायला झाडाला ताण द्यायची त्याची स्वतःची रीत आहे, किती दिवस पाणी तोडायचं, पहिलं पाणी किती द्यायचं. त्यानं विचारलं, याचं? तर 1970 च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये शेतीची पद्धत पेटंटातून बाहेर ठेवलीय. बियाणं आणि वाणही बाहेर, त्यांच्यासाठी 2001 चा वेगळा कायदा आहे. मित्र परतीच्या एसटीत गप्प होता. काटोल गेल्यावर म्हणाला, "म्हंजे माह्यी रीत कोणीबी वापरू शकते, अन् कोणी मले अडवूबी शकत नाही. मंग बरंच हाये की राजा." मला त्याचं हे बोलणं तेव्हा पटलं नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांचं एचएमटी तांदळाचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. वाण त्यांनी 1980 च्या दशकात निवडून काढला, देशभर पेरला गेला, आणि त्या माणसाच्या हाती फारसं काही आलं नाही. त्या वेळी वाण नोंदवायचा कायदाच नव्हता.

आम्ही दुसऱ्यांदा शहाणे झालो. रुळाखालची जाळी कंप पावत गाळ बाजूला टाकते, ती जोडणी आम्ही दोन वर्षांनी बसवली आणि कोणाला दाखवायच्या आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज केला. सरकारी फी व्यक्तीसाठी 1600 रुपये. खरा खर्च एजंटाचा आणि आकृत्यांचा. बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो, मग अर्ज प्रसिद्ध होतो, मग परीक्षणाची वेगळी फी. परीक्षकाचा अहवाल आला तेव्हा त्यात आमच्यासारख्याच कामाच्या तीन जुन्या कागदांचे दाखले जोडलेले होते, कुठल्या कुठल्या देशांतले. आधी वाईट वाटलं. मग वाचले, तर त्यातल्या एकात जाळीचा कोन आमच्यापेक्षा चांगला होता! मुदत संपलेला कागद. आम्ही कोन बदलला आणि आमचा दावा तेवढा आखडता घेतला. निकाल अजून यायचाय.

सालीचं थोडक्यात. ती वाळवून दळतो, उटणंवाले नेतात. तेल काढायचा विचार आहे, सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांवर लिमोनीन असतं. नाव लिमोनिनसारखं, गुण अगदी निराळा, हे भाच्यानं मला चारदा समजावलंय.

हंगामात शेडमध्ये आता अकरा जणं असतात, त्यातल्या आठ बाया. प्रत्येक घाणीतला, म्हणजे एका वेळी पिळलेल्या रसातला, एक पेला रात्री झाकून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवतो. सकाळी सातला काकू येतात, दात घासून पण चहा न घेता, कारण चहानंतर जीभ फसते म्हणतात. एकेक पेला चाखतात आणि वहीत खूण करतात. लिहिता येत नाही त्यांना, म्हणून गोडाला टिंब आणि कडूला फुली. जिथं फुली, त्या घाणीची एकही बाटली बाहेर जात नाही. काल नऊ पेले होते. आठ टिंबं आणि एक फुली. ती घाणी माझ्याच बगीच्यातल्या कोपऱ्यातल्या झाडांची निघाली, आणि तोडीची घाई मीच केली होती.