तुम्ही विचारलंत म्हणून: "खूप म्हणजे किती फूट?"

"ताई, रोज एकट्या पसरणी घाट चढता, भीती नाही वाटत?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्यांना विचारायचं असतं वेगळंच. लायसन्स आहे, गाडी दारात उभी आहे, पण वर्षानुवर्षं तिच्यावरचं कव्हर निघालेलं नाही. परवा ऑफिसातल्या एकीने मात्र सरळ विचारलं, "मनात बसलंय ते काढायचं कसं?"

भीती वाटते. अजूनही वाटते. पण विचारलंच आहे, तर सांगते.

माझं घर वाईत, नोकरी पाचगणीत, मध्ये हा पसरणी घाट. अंतर बारा-तेरा किलोमीटर आणि तेवढ्यात रस्ता जवळपास सहाशे मीटर वर चढतो. २००८ च्या डिसेंबरातला एक रविवार होता. पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग. पुढची एसटी ऐन वळणावर थांबली, म्हणून मीही थांबले. एसटी हलली, मी क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. चालू केली, परत बंद. तिसऱ्या वेळी ती मागे यायला लागली. मागे वडापची जीप, तिचा हॉर्न आणि त्या हॉर्नमागे आणखी दहा हॉर्न. शेवटी जीपवालाच उतरून आला. "मावशी, तुम्ही व्हा तिकडं," म्हणत त्याने गाडी वळणापार काढून दिली. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते. 'मावशी'चासुद्धा राग आला नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

गाडीला साधा ओरखडाही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी "आज डोकं जड आहे" म्हणून मी एसटीने कामावर गेले. ते डोकं पुढे अकरा वर्षं जड राहिलं.

गंमत म्हणजे भीती घाटात थांबली नाही. पुण्याला जाताना खंबाटकीला बोगदा आहे, तिथवर मी चालवायची. येताना मात्र घाट चढावा लागायचा, म्हणून शिरवळला चहाच्या निमित्ताने थांबून किल्ली यांच्या हातात द्यायची. मग पुण्यातले उड्डाणपूल नकोसे झाले. मग मॉलच्या तळघरातून वर येणारा उतार. शेवटी माझी गाडी मंडईपर्यंत जायची, तीही सपाट रस्त्याने. प्रत्येक वेळी कारण तयार असायचं: ऊन आहे, रात्र आहे, टायरमध्ये हवा कमी वाटतेय.

आता कळतं की सगळा घोटाळा त्या हायसं वाटण्यात होता. टाळलं की जीव भांड्यात पडायचा. आणि मनाने हिशोब मांडला, गेली नाही म्हणून वाचली. गेले असते तरी वाचलेच असते, हे त्याला कळणार कसं? मी ते कधी करूनच बघत नव्हते.

उपदेश भरपूर मिळाले. मन खंबीर कर, चांगले विचार कर. आरशासमोर "मला जमतं" असं म्हणूनही पाहिलं. आरशासमोर जमतंच हो, आरशाला चढ कुठे असतो?

२०१९ मध्ये आमच्या आळीतले एक काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मी रोज एसटीने का जाते हे त्यांनी एकदा विचारलं आणि मीही खरं सांगून टाकलं.

"भीती कशाची, नेमकी?"

"गाडी मागे येते."

"किती?"

"खूप."

"खूप म्हणजे किती फूट?"

मला उत्तर देता येईना. अकरा वर्षं ज्या गोष्टीला मी घाबरत होते, ती मी मोजलीच नव्हती.

पुढच्या रविवारी पहाटे धोमच्या बाजूला एका निर्जन डांबरी चढावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. मागच्या चाकापाशी रस्त्यावर खडूने रेघ ओढली, चाकामागे दीडेक फुटावर दोन्हीकडे दगड ठेवले आणि म्हणाले, "क्लच दाब, ब्रेक सोड. येऊ दे मागे."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून? सोड."

सोडला. पोटात गोळा आला, गाडी सरकली आणि धप्प करून दगडाला टेकली. काकांनी मला खाली उतरवलं आणि मोजायला लावलं. दीड फूट. बस्स. मग पुन्हा तेच केलं. पाचव्या-सहाव्या वेळी मला चक्क कंटाळा आला. भीतीचा कंटाळा येऊ शकतो, हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर हाफ क्लच. हॅण्डब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, जरासा ॲक्सिलरेटर आणि क्लच अगदी हळू वर. एका जागी इंजिनाचा आवाज जाड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि सीटखाली थरथर जाणवते. "हां, आता गाडीने रस्ता धरला. आता सोड हॅण्डब्रेक." त्या दिवशी वीसेक वेळा केलं, क्लचचा जळका वास येईपर्यंत. आधी गाडी वीतभर मागे यायची, मग चार बोटं, मग जागची हलेना.

पुढे वाचनात आलं की काकांची ही युक्ती जुनीच आहे. मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाला हात फिरवायला लागलं. मला आवडला तो त्यातला मधला भाग. पीटर मध्येच आजारी पडून दवाखान्यात गेला, परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी कमाई गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझंही तेच झालं. दोन महिने घाट बरा चालला होता आणि एका पावसाळी संध्याकाळी धुक्यात परत गाडी बंद पडली. पुन्हा तीन दिवस एसटी. चौथ्या दिवशी काका खडू घेऊन दारात.

एक मात्र सांगते, प्रत्येक अडथळा पाडायचाच नसतो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकात अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेत गिरक्या घेताना आपण कुठे आहोत तेच कळेना, म्हणून तिने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यात सोडली. लोकांनी नावं ठेवली. पण तशा अवस्थेत उडी मारली असती तर मान मोडली असती. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदकं घेतली, तो भाग वेगळा. मीही दाट धुक्यात आजसुद्धा गाडी काढत नाही आणि त्याला भीती म्हणत नाही. शिवाय ज्यांचा खरोखर अपघात झालाय, ज्यांना नुसत्या आठवणीने दम लागतो, झोप उडते, त्यांनी खडूवर भागवू नये. डॉक्टर गाठावा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.

गेल्या रविवारी त्याच वळणावर, तशाच रांगेत माझी गाडी बंद पडली. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. तळव्यांना घाम आलाच. हॅण्डब्रेक ओढला, पदराला हात पुसले, गाडी चालू केली आणि आवाज जाड होण्याची वाट पाहिली. मागचा वाजवत होता, वाजवू दिलं.

तर ऑफिसातल्या बाई, येत्या रविवारी सकाळी सहाला मोकळ्या असाल तर गाडी घेऊन या. धोमकडचा तो चढ अजून रिकामाच असतो. खडू आणा, दगड माझ्या डिकीत आहेत.