मिक्श्चरच्या बाटलीची मागची बाजू

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. २ जून २०२३ ला केंद्र सरकारने चौदा मिश्र औषधांवर, म्हणजे एकाच गोळीत किंवा बाटलीत दोन किंवा जास्त औषधं ठरावीक प्रमाणात असलेल्या मिश्रणांवर, बंदी घातली आणि संध्याकाळपर्यंत केमिस्टांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी येऊन पडली. यादीत ब्रँडचं एकही नाव नाही. नुसते घटक: क्लोरफेनिरामाइन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ग्वायफेनेसिन, अमोनियम क्लोराइड, मेन्थॉल. आमची मांडणी ब्रँडच्या नावाने, आणि गिऱ्हाईक तर त्याहून पुढचं, "ते लाल औषध द्या" म्हणणारं.

मग खोकल्याची एकेक बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला लागलो. एक घटक कमीजास्त झाला की कायद्याच्या लेखी औषध वेगळं. त्यातही गंमत अशी की एकाच नावाच्या दोन बाटल्यांत कंपोझिशन निराळं! कंपन्या घटक बदलतात, खपलेलं नाव सोडत नाहीत. त्यामुळे बॅच बघून वेगळं काढायचं, खोक्यावर "विक्रीसाठी नाही" लिहायचं, स्टॉकिस्टला, म्हणजे आम्हाला माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याला, बॅचवार यादी द्यायची. माल लगेच गेला, परत दिलेल्या मालाच्या पैशांची क्रेडिट नोट मात्र रेंगाळली.

आमचे एक शिक्षक गिऱ्हाईक म्हणाले, "अहो, यातलं प्रत्येक औषध सुटं मिळतं, मग एकत्र केल्यावर काय बिघडलं?" प्रश्न रास्त होता. पण मान्य औषधंसुद्धा ठरावीक प्रमाणात पहिल्यांदा एकत्र केली की ते नवं औषध ठरतं आणि त्याला केंद्राची मंजुरी लागते. कित्येक मिश्रणं राज्याच्या उत्पादन परवान्यावरच बाजारात आली होती. शिवाय ग्वायफेनेसिन कफ सुटायला मदत करतं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकला दाबतं. दोन्ही एका चमच्यात कशाला, हे मलाही कधी कंपनीच्या कुणा प्रतिनिधीने (एमआरने) पटेल असं सांगितलेलं नाही.

ही चौदा औषधं अचानक उगवली नव्हती. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली, दिल्ली हायकोर्टाने ती उडवली. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पाठवलं, पण २१ सप्टेंबर १९८८ पूर्वीपासून बनत असलेली काही मिश्रणं बाजूला ठेवली. २०२३ ला पाळी आली ती त्यांची.

ऑगस्ट २०२४ ला आणखी १५६ गेली. या खेपेला आकडे वाचावे लागले. अॅसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ बंद, पण रोज खपणारी १०० आणि ३२५ ची गोळी चालू. काउंटरवरच्या पोराला हे समजावताना माझाच घसा बसला. मधल्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनच्या मिश्रणावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापायचा आदेश निघाला होता. म्हणजे औषध बंद नाही, पण सगळ्यांना चालूही नाही. लेबल न वाचता विकणाऱ्याची खरी पंचाईत इथेच होते.

मंजुरीचा क्रमांक आणि तारीख बाटलीवरच छापायला लावली असती तर हा निम्मा खटाटोप वाचला असता, असं माझं मत. तोवर नवा माल आला की केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या संकेतस्थळावर १९६१ पासूनच्या मंजूर मिश्रणांची यादी उघडतो. तिथे नाही म्हणजे बेकायदा, असंही नाही. राज्याच्या परवान्यावर आलेली मिश्रणं तपासायला केंद्राने नेमलेल्या कोकाटे समितीने योग्य ठरवलेली मिश्रणं निराळ्या याद्यांत आहेत. दोन्हीकडे न सापडलेल्या मालाची मंजुरी स्टॉकिस्टकडे लेखी मागतो. "शेठ, बाकीचं कुणी मागत नाही," असं म्हणत तो पाठवतो, किंवा माल परत नेतो.