आमची वाटचाल : हातोड्यापासून मोजमापापर्यंत

वडिलांनी गॅरेज काढलं तेव्हा हत्यारं म्हणजे हातोडे, डॉल्या (पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे), चेनपुली आणि गॅस वेल्डिंगचा सेट. ठोकलेली गाडी आली की पत्रा तापवायचा, ठोकून जागेवर आणायचा, उरलेला खळगा पुटीने भरायचा आणि गाडी पेंटरच्या ताब्यात द्यायची. त्या काळच्या गाड्यांना हे चालून जायचं. सगळी बॉडी साध्या माइल्ड स्टीलची, ताणबळ, म्हणजे तुटण्याआधी पत्रा किती ताण सोसतो ते, जेमतेम तीनशे मेगापास्कल. तापवलं, ठोकलं तरी त्याचं फारसं बिघडत नसे. डेंटिंगचं काम आमच्याकडे आपोआप चालून येई.

धंदा माझ्याकडे आला तोवर पत्राच बदलला होता. बाहेरून कळत नाही. रंग तोच, चुंबक तसाच चिकटतो. पण बी पिलर, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधला खांब, काढायला घेतला की कळतं. नेहमीचं ड्रिल बिट स्पॉट वेल्डवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठिपक्यावर, टेकवलं की किंचाळतं, टोक निळं पडतं आणि पत्र्यावर नुसता एक चकचकीत ठिपका उरतो. हे बोरॉन स्टील, ताणबळ साधारण १५०० मेगापास्कल. कारखान्यात ते ९०० अंशांच्या वर तापवतात, लाल असतानाच आतून पाणी खेळवलेल्या डायमध्ये दाबतात आणि तिथेच काही सेकंदांत थंड करतात. लोहार लाल पातं पाण्यात बुचकळतो, तसंच. स्वीडनच्या साब कंपनीने १९८४ साली साब ९००० च्या दारांतल्या आडव्या दांड्यांना हे स्टील वापरलं. आता ते छोट्या गाड्यांच्या पिलरमध्येही सापडतं.

एवढ्या मेहनतीने कडक केलेल्या भागावर गॅसची ज्योत धरली, की तेवढी जागा पुन्हा मऊ पडते. सरळ दिसते, रंग लागला की ओळखूही येत नाही, पण पुढच्या अपघातात पिलर नेमका तिथे दुमडतो. म्हणून आमच्याकडे स्ट्रक्चरच्या भागाला ज्योत लावायची नाही, हा नियम झाला. बोरॉनचा भाग आम्ही सरळ करत नाही, बदलतोच. पुढच्या रेल, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया, ड्युअल फेज नावाच्या कडक स्टीलच्या असल्या तर थंडच ओढतो, तेही कंपनीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तेव्हाच. हे स्टील स्प्रिंगसारखं मागे येतं, त्यामुळे थोडं जास्त ओढायचं, सोडायचं, पुन्हा मोजायचं. धारदार घडी पडली असेल तर चर्चाच नको, रेल बदली.

आमच्या जुन्या मिस्त्रींना हे पचायला वेळ लागला. ‘मग हातोडा काय पुजायला ठेवायचा?’ असं त्यांनी तोंडावर विचारलं होतं. आज बाहेरचे पॅनेल तेच सांभाळतात आणि दाराच्या फटीतला फरक त्यांना मोजपट्टीआधी दिसतो.

पैसे कुठे घालायचे यावर घरात बरीच वादावादी झाली. सगळ्यांना आधी पेंट बूथ हवा होता, कारण गिऱ्हाइकाला रंग दिसतो. मी आधी थ्रीडी मोजमापाची यंत्रणा घेतली, मग बेंच, म्हणजे गाडी जखडून ओढायची चौकट, आणि त्यानंतर स्पॉट वेल्डिंग मशीन. सस्पेन्शनचे पॉइंट काही मिलिमीटरने जरी सरकलेले असले, तरी वरची चकाकी काय कामाची? स्पॉट मशीनसाठी वीजजोडच वाढवून घ्यावा लागला. दहा हजार अँपियरच्या वर करंट आणि शेकडो किलोचा दाब, तेव्हा कुठे क्षणभरात दोन पत्रे आतून एकजीव होतात. गाडीवर पहिला स्पॉट मारण्याआधी त्याच जाडीचे, त्याच जातीचे दोन तुकडे जोडून व्हाइसमध्ये सोलून बघतो. एका पत्र्याला भोक पडून त्याचं बटण दुसऱ्या पत्र्याला चिकटून राहिलं तर सेटिंग बरोबर. जोड नुसताच सुटला तर मशीन पुन्हा लावायचं. जिथे गनचा जबडा पोचत नाही आणि कंपनीची परवानगी असते, तिथे कॉपर-सिलिकॉन तारेने मिग ब्रेझिंग करतो, म्हणजे पत्रा न वितळवता नुसती तार वितळवून जोड देतो. ती तार हजार अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे खालचं स्टील वितळत नाही आणि वेल्डिंगपेक्षा कमी भाजतं.

गिऱ्हाइकांची नेहमीची मागणी असते, ‘जरा जाड पट्टी मारा आतून, मजबूत होईल.’ त्यांचा हेतू चांगला असतो, पण पुढची रेल मुद्दाम ठरावीक ठिकाणी चुरगळेल अशी बनवलेली असते. ती जाड केली की धक्का थेट केबिनमध्ये जातो. शिवाय गाडीचा वेग किती झटकन कमी झाला, यावर एअरबॅगचा निर्णय ठरतो. रेल वेगळी दुमडली की ते गणितही चुकतं.

विमा सर्व्हेअरशी खटके उडतातच. ‘तुकडा कापून जोडला तर निम्म्यात होईल ना?’ मी वाद घालत नाही, त्या मॉडेलच्या मॅन्युअलचं पान पुढे ठेवतो. कुठे कापायचं, किती स्पॉट मारायचे, कुठे ग्लू आणि कुठे रिव्हेट, सगळं त्यात असतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका गाडीचं छप्पर वेल्ड करण्याऐवजी नुसतं ग्लूने चिकटवलं होतं. पुढे त्या गाडीला अपघात झाला, आतलं जोडपं गंभीर जखमी झालं, आणि २०१७ साली ज्यूरीने दुरुस्ती करणाऱ्याला तीन कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. हे सांगितलं की बहुतेक सर्व्हेअर निदान ऐकून तरी घेतात. काही मग दुसऱ्या गॅरेजला गाडी नेतात. नेऊ देत.

आता प्रत्येक फाइलला दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं मोजमाप, सोललेल्या तुकड्यांचे फोटो आणि मॅन्युअलची पानं जोडलेली असतात. कॅमेरा-रडारच्या गाड्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचा नेम पुन्हा बसवणं, सध्या बाहेरून करून आणतो. अॅल्युमिनियम बॉडीचं काम मात्र घेत नाही. स्टील घासल्याची धूळ अॅल्युमिनियमवर बसली की ते गंजायला लागतं, त्यामुळे खोली वेगळी लागते आणि हत्यारंही वेगळी. पेंट बूथचे हप्ते फिटले की त्याचं बघू.